नाव, गाव, वाटा

२०१७ च्या डिसेंबरात देवगड बंदरात एकाएकी अनोळखी बोटींची दाटी झाली. ओखी वादळाच्या तडाख्यातून वाट काढत दक्षिणेकडच्या बोटी इथवर येऊन लागल्या होत्या. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी आकडा जाहीर केला: ६८ बोटी, ९५२ माणसं. त्यांतल्या ६६ बोटी केरळच्या, २ तमिळनाडूच्या. तिकडं तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर मात्र आकडे काही केल्या जुळेनात. डिसेंबर संपता संपता संसदेत बेपत्ता मच्छिमारांचा आकडा ६६१ सांगितला गेला. राज्य सरकारांच्या याद्या वेगळ्या होत्या आणि चर्चनं गावोगाव फिरून जमवलेल्या याद्या आणखी वेगळ्या. बोट एका राज्यात नोंदलेली, मासळी दुसऱ्या राज्यात उतरवणारी, खलाशी तिसऱ्याच राज्यातून आलेले. त्या दिवशी कोणत्या बोटीवर कोण चढलं होतं, याची धड यादीच किनाऱ्यावर नव्हती. ज्यांच्या घरचं माणूस दर्यात होतं त्यांनी तोंडी सांगितलं, तेच लिहून घेतलं गेलं. बंदरावर ज्याचं कोणी नव्हतं, त्याच्याबद्दल सांगणार कोण?

मासेमारी बोटीवर काय लिहून ठेवावं, कोणी लिहावं आणि ते कोणाच्या उपयोगी पडावं, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. पण तो नीट उकलायला घेतला की डिझेल, दहशतवाद, युरोपातली सुपरमार्केटं, पाकिस्तानातले तुरुंग आणि जवळजवळ दीडशे वर्षांमागचे खून अशा नाना जागी हिंडून यावं लागतं.

आधी वही पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर एका नाखव्यानं मला त्याची हिशेबाची वही उघडून दाखवली होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तसली. डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला लिलावाचे पैसे आणि मागच्या पानांवर खलाशांची उचल. त्या पानांवरची नावं वाचताना मी अडखळलो. 'बहादूर मोठा', 'बहादूर छोटा', 'यूपीवाला', 'बाबूचा मेहुणा'. रत्नागिरीच्या बोटींवर बरीच वर्षं नेपाळी खलाशी मोठ्या संख्येनं आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या दोघा बहादूरांची खरी नावं काय, असं विचारल्यावर नाखवा हसला. आधारकार्डासारखं काहीतरी असेल म्हणाला, तांडेलाकडं. लेखी करारनाम्याचा विषय मी काढला तेव्हा म्हणाला, "लिहून काय करायचं? दर्यात कागद भिजतो, शब्द भिजत नाही." वाक्य ऐकायला झकास आहे. पण त्याच नाखव्याच्या खिशात दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिझेलचं पुस्तक होतं. कोरडं ठणठणीत.

आपल्या किनाऱ्यावर खलाशाला बहुधा पगार नसतो, वाटा असतो. पद्धत बंदरागणिक, जाळ्यागणिक बदलते. काही ठिकाणी पगार अधिक बक्षिशी, काही ठिकाणी नुसता वाटा. पण साधारण गणित असं. समजा बारा दिवसांच्या फेरीत चार लाखांची मासळी विकली गेली. डिझेल एक लाख सत्तर हजार. बर्फ, रेशन, दलाली मिळून नव्वद हजार. खर्च वजा जाता उरले एक लाख चाळीस हजार. त्यातला अर्धा भाग बोटीचा आणि जाळ्याचा, म्हणजे मालकाचा. उरलेल्या सत्तर हजारांचे दहा वाटे. तांडेलाचे दोन, इंजिन ड्रायव्हरचा दीड, स्वयंपाक करणारा भंडारी धरून सहा जणांचा एकेक आणि नवख्या पोराचा अर्धा. एका वाट्याला सात हजार. त्यातून उचलीचा हप्ता कापला जातो, घरी पाठवलेले पैसे वजा होतात, विडीकाडी वजा होते. हातात येतं ते येतं.

या गणितात एक गंमत दडलेली आहे. डिझेल खलाशांच्या सामाईक खर्चात पूर्ण भावानं धरलं जातं. पण सरकार डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा देतं आणि तो मच्छिमार सहकारी संस्थेमार्फत बोटीच्या मालकाला मिळतो. सोयीसाठी धरू की वरच्या फेरीतले पंचवीस हजार असे परत येतात. मग खर्च खरोखरीच पंचवीस हजारांनी कमी झाला. त्यातले निम्मे खलाशांचे, म्हणजे वाट्यामागं साडेबाराशे. हंगामात अशा पंधरा फेऱ्या झाल्या तर एका वाट्याचे पावणेएकोणीस हजार होतात. ते कोणाचे? मालक म्हणेल, परतावा बोटीला मिळतो, बोट माझी. खलाशी म्हणेल, डिझेलचे पैसे माझ्याही हिश्शातून गेले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांत काय ठरलं होतं ते कुठंच लिहिलेलं नाही. त्यात परतावा येतो रखडत रखडत. तो हाती पडेस्तोवर त्या फेरीतला खलाशी गावी गेलेला असतो, किंवा दुसऱ्याच बंदरात दुसऱ्याच बोटीवर चढलेला असतो.

खलाशाशी लेखी करार करायचा म्हणजे पगाराचा आकडा लिहायचा, असा आपल्याकडं समज आहे. म्हणूनच मालक म्हणतात, मासळीचा भरवसा नाही, आकडा कसा लिहू? बरोबरच आहे. लिहायचा तो आकडा नव्हे, रीत लिहायची. कोणता खर्च सामाईक, कोणता बोटीचा, वाटे किती आणि कोणाचे, परतावा कोणाचा, जाळं फाटलं, बोट इंजिन बिघडून आठ दिवस धक्क्याला लागून राहिली, तर त्या दिवसांचं काय. एवढं सगळं एका पानावर मावतं.

ही कल्पना काही नवी नाही आणि साहेबी चोचल्यातूनही आलेली नाही. अमेरिकेत १७९२ साली कॉड मासेमारीला अनुदान देणारा कायदा झाला. अनुदान बोटीच्या टनाप्रमाणं मिळायचं आणि त्याचे तीन अष्टमांश मालकाला, पाच अष्टमांश मच्छिमारांना, अशी वाटणी कायद्यानंच ठरवून दिली. बोटीनं वर्षातून किमान चार महिने कॉड धरण्यासाठी समुद्रात असलं पाहिजे, म्हणजे तारखांची नोंद आली. निघण्यापूर्वी तांडेलानं प्रत्येक मच्छिमाराशी लेखी किंवा छापील करार केला पाहिजे, हेही आलं. याहून मजेची तरतूद लहान बोटींसाठी होती. त्यांना अनुदान हवं असेल तर उतरवलेल्या मासळीच्या वजनाचा हिशेब आणि मालक-मच्छिमारांत झालेल्या वाटणीचा मूळ कागद कस्टमच्या अधिकाऱ्यापुढं ठेवावा लागे. सरकारचे पैसे हवेत? मग आधी दाखवा, तुम्ही आपसांत वाटणी कशी केलीत ते. आपल्या डिझेलच्या परताव्याला सव्वादोनशे वर्षांत ही अट लावायचं कोणाला सुचलं नाही.

ते अनुदान पुढं १८६६ साली बंद झालं. कराराची अट मात्र टिकली. आजही अमेरिकेच्या कायद्यात २० टनांच्या वरच्या मासेमारी बोटीनं बंदर सोडण्याआधी लेखी करार करायचा असतो. त्यात कराराची मुदत आणि वाट्याची किंवा वेतनाची रीत यायलाच हवी. करार केला नाही तर काय, याचं उत्तर मोठं चतुर आहे. बेकायदा कामावर घेतलेल्या खलाशाला ठरलेली रक्कम किंवा त्या बंदरातला सर्वांत वरचा दर, यांतलं जे जास्त असेल ते मागता येतं. मच्छिमारांनी याच आधारावर दावे लावले आणि कोर्टांनी ते मान्यही केले. कागद न केल्याचा भुर्दंड, ज्याच्या हातात लेखणी होती त्याच्यावर. 'मोबी डिक' वाचलेल्यांना आठवत असेल की इश्माएलला देवमाशाच्या शिकारी जहाजावर नफ्याचा तीनशेवा हिस्सा कबूल होतो आणि त्याआधी म्हातारा मालक त्याला सातशे सत्त्याहत्तराव्या हिश्श्यावर गुंडाळायला बघतो. कादंबरीतली ती घासाघीस विनोदी आहे, पण शेवटी तिथंही सही कागदावरच होते.

ब्रिटनमध्ये कागद आला तो रक्तातून. १८८२ साली हल बंदरातल्या एका ट्रॉलरवर विल्यम पॅपर या शिकाऊ पोराचा छळ करून तांडेलानंच त्याचा जीव घेतला. तांडेलाला फाशी झाली. त्याच वर्षी दुसऱ्या बोटीवर तसाच आणखी एक प्रकार घडला. अनाथालयातली, वर्कहाउसमधली पोरं शिकाऊ म्हणून बोटींवर चढवली जात आणि ती परत आली नाहीत तर विचारणारं कोणी नसे. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, मासेमारी बोटींसाठी वेगळा कायदा झाला. मोठ्या ट्रॉलरांवर खलाशांशी लेखी करार आणि त्यांच्या याद्या सक्तीच्या झाल्या. बोटीवर कोणी मेलं, जखमी झालं, कोणाला मारहाण झाली, तर त्याची नोंद ठेवणंही आलं. हलच्या अभिलेखागारात १८८४ पासून १९१४ पर्यंतच्या या खलाशी-याद्या आज शाबूत आहेत. वय, जन्मगाव, आधीची बोट, हुद्दा. पणतू-खापरपणतू येऊन त्यात आपला माणूस शोधतात.

पण यादी असली म्हणून माणूस वाचतो असं नाही, हेही हलनंच दाखवलं. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथले तीन ट्रॉलर एकापाठोपाठ बुडाले आणि ५८ माणसं गेली. त्यांतला पहिला, सेंट रोमॅनस, १० जानेवारीला निघाला. त्याच्यावर रेडिओ ऑपरेटरच नव्हता. धोक्याची सूचना दिली गेली ती २६ तारखेला. करार होते, याद्या होत्या, मालकाकडं कचेरी होती. रोजच्या रोज बोटीची खबर घ्यायची आणि ती टिपून ठेवायची, ही रीत तेवढी नव्हती. लिलियन बिलोका आणि तिच्याबरोबरच्या मच्छिमारांच्या बायकांनी बंदरावर आणि मंत्र्यांच्या दारात जे रान उठवलं, त्यात दर बोटीवर रेडिओ ऑपरेटर हवा ही मागणी पहिल्या ओळीत होती.

आता आपल्याकडचा कायदा. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात शिडाच्या जहाजांसाठी एक भाग होता. त्यात जहाज चालवणाऱ्या माणसाला कायद्याच्या इंग्रजीतसुद्धा 'tindal', म्हणजे तांडेलच म्हटलंय, हे वाचून मला उगाच बरं वाटलं होतं. मालकानं किंवा तांडेलानं खलाशांचं विवरणपत्र ठेवावं. त्यात प्रत्येकाचं नाव, वेतन, जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता, कामावर रुजू झाल्याची तारीख असावी. माणूस बदलला तर नोंद बदलावी, अशी ती तरतूद. १९८३ च्या दुरुस्तीनं मासेमारी नौकांसाठी स्वतंत्र भाग घातला गेला, त्यातही खलाशांच्या विवरणपत्राची तशीच तरतूद आली. म्हणजे नाव, वेतन आणि वारस या तिन्ही गोष्टी चाळीस वर्षांपासून कायद्याच्या पुस्तकात आहेत. २०२५ साली संसदेनं त्या जागी नवा नौवहन कायदा मंजूर केला. मी बंदरांवर आजवर ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी एकानंही हे विवरणपत्र पाहिलेलं नव्हतं. नमुना काय, तो ठेवायचा कोणी, तपासायचा कोणी, इथूनच सुरुवात.

राज्याचा कायदा म्हणजे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा. तो पाहतो बोट, जाळं, परवाना आणि क्षेत्र. २०२१ च्या दुरुस्तीनं दंड वाढले आणि खटले ऐकण्याचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडं आला. पर्ससीन, एलईडी, बंदीच्या काळातली मासेमारी यांवर तो बोलतो आणि त्यानं बोलायलाच हवं. पण बोटीवरच्या माणसाच्या वाट्याबद्दल तो गप्प आहे. बोटीचा नंबर, इंजिनाची ताकद, जाळ्याच्या आसाचा आकार, सगळं मोजून झाल्यावर माणूस तेवढा मोजायचा राहतो.

तरी माणूस मोजला गेलाच. त्याचं कारण मात्र निराळं. २००८ च्या नोव्हेंबरात पोरबंदरहून निघालेली 'कुबेर' ही मासेमारी बोट अतिरेक्यांनी समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यावरच्या खलाशांना मारलं आणि त्याच बोटीतून ते मुंबईजवळ आले. त्यानंतर मच्छिमारांना ओळखपत्रं आली, राज्याराज्याच्या बोटींना रंग ठरले, नोंदणी देशभर एका छापाची झाली, बंदरांवर सुरक्षारक्षक आले आणि निघताना टोकन घेण्याची पद्धत घट्ट झाली. टोकनावर बोटीचा नंबर, तांडेलाचं नाव, किती माणसं, कधी निघाली, कधी येणार. प्रश्न 'हा कोण?' एवढाच आहे. 'याला काय मिळणार?', 'याला काही झालं तर कोणाला कळवायचं?' हे प्रश्न टोकन विचारत नाही. बंदरावरच्या रक्षकाची त्यात चूक नाही. त्याला नेमलंच त्या कामाला.

त्यापुढची पायरी यंत्राची. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजना सुरू झाल्या, त्यांत किनारी राज्यांतल्या एक लाख बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना होती. वादळाचा इशारा बोटीला मिळेल, संकटाची हाक किनाऱ्याला मिळेल. उत्तमच. हलच्या बायका ज्यासाठी भांडल्या त्याची ही आजची आवृत्ती. पण ट्रान्सपॉन्डर बोटीवर असतो. बोट कुठं आहे हे तो सांगेल, बोटीवर कोण आहे हे कागदालाच सांगावं लागेल.

पालघरचं नाव निघालंच आहे तर डहाणू-तलासरीकडच्या आदिवासी पाड्यांवर जाऊन येऊ. तिथले शेकडो तरुण दरवर्षी ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सागरी हद्दीजवळ पाकिस्तानची गस्ती नौका बोट धरते आणि माणसं कराचीच्या तुरुंगात जातात. भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. त्या यादीतल्या मच्छिमाराची सुटका व्हायची तर आधी तो भारतीय आहे हे इथल्या यंत्रणेनं पडताळून द्यावं लागतं. आता वहीतल्या 'बाबूच्या मेहुण्या'चा विचार करा. कोणत्या तालुक्यातला, कोणत्या पाड्यावरचा, बापाचं नाव काय, हे बोटीवर चढताना कोणी नीट टिपलेलं असेल तर पडताळणीचा कागद फिरायला वेळ लागत नाही. नसेल तर पोलीस पाटलापासून सुरुवात. तोवर घरच्यांना बोट धरली गेल्याची बातमी कळते तीच मुळी उडत उडत. बोटीचा मालक गुजरातचा, खलाशी महाराष्ट्राचा. मदत कोणत्या राज्यानं द्यायची, यावर पुन्हा एकदा कागद मागितले जातात.

मासळीच्या नोंदीचीही कहाणी अशीच उलटी. आपल्या बोटीवर किती बांगडा आला, किती म्हाकूल आली, हे बोट लिहून देत नाही. देशात दरवर्षी किती मासळी उतरली याचा जो अंदाज छापून येतो, तो केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे नोंदनीस निवडक बंदरांवर, निवडक दिवशी उभे राहून नमुना पद्धतीनं काढतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, गेली कित्येक दशकं चालू आहे आणि तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. युरोपात मात्र १० मीटर आणि त्याहून लांब बोटीच्या तांडेलानं लॉगबुक लिहायचं असतं. कोणत्या जागी, कोणत्या जाळ्यानं, कोणती मासळी किती किलो. अंदाज आणि प्रत्यक्ष वजन यांत किती फरक चालेल याचीही हद्द ठरलेली. १ जानेवारी २०१० पासून युरोपनं बाहेरून येणाऱ्या मासळीलाही पकड-प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. ही मासळी कोणत्या बोटीनं धरली ते सांगा, नाहीतर माल परत. मग आपल्याकडं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाची माणसं बंदरांवर येऊन बोटींची आवक टिपू लागली. रत्नागिरीची म्हाकूल कोणत्या बोटीनं धरली हे आता परदेशातल्या खरेदीदाराला सांगता येतं. ती धरताना बोटीवर कोण होतं, हे रत्नागिरीतही सांगता येत नाही.

नव्या सरकारी कागदांत आणखी एक भर पडली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नियम काढले. यांत्रिक आणि मोठ्या बोटींना बारा सागरी मैलांपलीकडं जायला 'रिअलक्राफ्ट' या ऑनलाइन व्यवस्थेतून प्रवेशपास घ्यायचा. पारंपरिक मच्छिमारांना त्यातून सूट. पुन्हा तेच. पास बोटीला.

जगात या सगळ्याचा एकत्र विचार झाला तो जिनिव्हात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९५९ सालीच मच्छिमारांच्या करारनाम्यावर एक संमत मसुदा केला होता, पण तो फार थोड्या देशांनी मनावर घेतला. २००५ साली नवा, सर्वसमावेशक मसुदा मतदानाला आला आणि गणपूर्तीला एक मत कमी पडून आपटला. विरोधात मतं मोजकीच होती. तटस्थ राहिलेल्यांनी तो पाडला. २००७ मध्ये पुन्हा आणला, तेव्हा मंजूर झाला. हाच १८८ क्रमांकाचा करार. तो अमलात यायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. ओखीच्या जेमतेम दोन आठवडे आधी. भारतानं त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही.

त्याच्या परिशिष्टात करारनाम्यात काय असावं याची जंत्री आहे. संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव. बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक. हुद्दा. कुठं, कधी हजर व्हायचं. जेवण कोणाचं. वेतन किंवा वाटा, आणि वाटा असेल तर तो काढायची रीत. करार कधी संपतो. आजारपण, इजा, मृत्यू यांत काय मिळणार. घरी परत पोचवण्याचा खर्च. आणखी दोन बाबी मला महत्त्वाच्या वाटतात. कराराची एक प्रत खलाशाच्या हातात असली पाहिजे, त्याला ती समजली पाहिजे. आणि खलाशांच्या यादीची एक प्रत निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर किनाऱ्यावर ठेवली पाहिजे. बोटीबरोबर बुडणारी यादी ही यादी नव्हे.

हे कागदावरचं बोटीवर कसं उतरतं, ते थायलंडनं दाखवलं. म्यानमार-कंबोडियाहून आणलेल्या मजुरांना बोटींवर अक्षरशः गुलामासारखं राबवल्याच्या बातम्या जगभर गेल्या, एप्रिल २०१५ मध्ये युरोपनं थाई मासळीला पिवळं कार्ड दाखवलं आणि सरकार खडबडून जागं झालं. बंदरोबंदरी बोट निघताना आणि परतताना तपासणी, लेखी करार दोन प्रतींत, माणसांची हजेरी, पगार बँक खात्यातून. २०१९ च्या जानेवारीत पिवळं कार्ड उठलं आणि त्याच महिन्यात थायलंडनं १८८ क्रमांकाच्या करारावर सही केली. असं करणारा आशियातला पहिला देश. पण तपासायला गेलेल्या संघटनांना काय आढळलं? करारनामे होते, खलाशाला न कळणाऱ्या भाषेत. बँक खाती होती, एटीएम कार्ड मालकाच्या नाहीतर तांडेलाच्या खणात. कागदाला कसं हाताळायचं हे मालकाला खलाशाआधी कळतं, हे ऊसतोडीच्या मुकादमाकडं पाहिलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मुकादम आठवला म्हणजे उचल आलीच, आणि उचलीच्या बाबतीत मालकांचीही बाजू आहे. हंगाम ऑगस्टात सुरू होतो. त्याआधी जून-जुलैच्या बंदीत माणसं गावी असतात. ती परत यावीत म्हणून मालक एकेकाला हजारो रुपये आधी मोजतो. त्यांतले काही उचल घेऊन दुसऱ्या बंदरात दुसऱ्या बोटीवर चढतात. बोट धक्क्याला लागून राहते आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. दर हंगामात स्थानिक वर्तमानपत्रांत 'खलाशी पसार' ही बातमी असतेच. मालक पोलिसांत जातो तेव्हा त्याच्याकडंही पुरावा नसतो. बहादूर मोठा, रक्कम अमुक. कोणता बहादूर? तोंडी व्यवहारानं खलाशी नागवला जातो हे खरंच, पण एकदोन बोटींचा लहान मालकही त्यातच फसतो. ज्याला दहा बोटी आहेत आणि ज्याचा दलाल स्वतःचा आहे, त्याचं मात्र तोंडी व्यवहारात छान चालतं. उचल लिहिली म्हणून माणसाला बांधून ठेवता येत नाही. तशी वेठबिगारी १९७६ पासून गुन्हा आहे. पण घेतलेली रक्कम, फेरीमागं कापायचा हप्ता आणि बाकी, असे तीन रकाने असलेल्या पानावर दोघांच्या सह्या असतील तर भांडण निदान मोजता येईल.

विम्याचंही तेच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छिमाराचा अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आल्यास अडीच लाख मिळतात. पैसे थोडे नाहीत. पण दावा करताना माणूस नोंदलेला होता, तो त्या बोटीवर होता आणि वारस कोण, हे सिद्ध करावं लागतं. बाहेरगावच्या खलाशाच्या बायकोला बंदरावर येऊन हे सिद्ध करायला सांगणं म्हणजे तिला दर्यात उतरायला सांगण्यासारखंच आहे.

माझं मत विचाराल तर नवा कायदा करायची गरज नाही, नवं खातं तर नकोच. कागद कुठं निघतो हे आपण पाहिलं. जिथं पैसा अडकलेला असतो किंवा भीती असते तिथं. डिझेलचं पुस्तक कोरडं राहतं ते त्यात परतावा आहे म्हणून. निर्यातीचा तक्ता भरला जातो तो माल परत येईल म्हणून. टोकन घेतलं जातं ते त्याशिवाय निघता येत नाही म्हणून. खलाशाचं पान याच तिन्हींना टाचावं. टोकनाबरोबर नाव-गाव-वारसाची यादी, तिची प्रत मच्छिमार सोसायटीत. हंगामाच्या सुरुवातीला वाट्याच्या रीतीचं एक पान, मराठीत आणि ज्याला लागेल त्याला नेपाळीत, हिंदीत. परताव्याच्या अर्जाला आदल्या हंगामातल्या वाटणीचा कागद जोडलेला. अमेरिकेतल्या कस्टम अधिकाऱ्यानं १७९२ साली मागितला होता तो. सोसायट्यांचे सचिव याला कुरकुरतील. त्यांच्यापैकी बरेच स्वतः बोटीचे मालक असतात, हे त्याचं एक कारण.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्याच बंदरावर हंगाम सुरू होण्याच्या दिवशी मी पुन्हा गेलो होतो. नारळ फोडून झाले होते, बर्फाचा ट्रक मागं घेताना ओरडाआरडा चालू होता. सोसायटीच्या ओट्यावर एक तरुण मुलगा लॅपटॉपवर विम्याची यादी भरत होता. समोर पाच-सहा नेपाळी खलाशी ओळीनं उकिडवे बसलेले. एकाची पाळी आली. नाव सांगितलं, वय सांगितलं. वारस? त्यानं बायकोचं नाव सांगितलं. पत्ता? त्यानं गावाचं नाव सांगितलं, मग जिल्ह्याचं. मुलगा टाइप करता करता थांबला. जिल्ह्याच्या रकान्यात फक्त आपल्याकडचेच जिल्हे खाली उघडत होते. त्यानं दोनदा वरखाली करून पाहिलं आणि 'रत्नागिरी' निवडलं.